लेडीज टॉयलेटचं कुलूप

आमच्या डेपोत बायकांसाठी एकच टॉयलेट होतं. वर्कशॉपच्या मागे, जुन्या टायरांच्या ढिगाला लागून. तीन संडास, एक बेसिन, एक आरसा. वापरणाऱ्या आम्ही सव्वीस कंडक्टर आणि ऑफिसातल्या चौघी, आणि सगळ्यांना पुरून उरणारी एक मावशी.

मावशीने ते अकरा वर्षं सांभाळलं होतं. कमोडचा ब्रश वेगळा, फरशीचा वेगळा, बेसिनचा वेगळा, आणि चुकून कोणी अदलाबदल केली तर तिची खैर नसे. नवीन मुलगी कामाला लागली की मावशी तिला आधी तिथे घेऊन जायची आणि म्हणायची, "वास घेऊन बघ." वास काही यायचा नाही, आणि तोच तर मावशीचा मुद्दा असायचा. बाहेरच्या फेरीवर आम्ही चार-पाच तास दाबून धरलेलं असायचं. बस डेपोच्या फाटकात शिरली की अर्ध्या जणी उभ्याच असत. आत गेल्यावर जो जीव भांड्यात पडायचा, तो मावशीच्या जिवावर.

एका सोमवारी सकाळी त्या दाराला कुलूप दिसलं. वर कागद चिकटवलेला: संसर्गाच्या तक्रारीमुळे बंद.

साहेब म्हणजे आमचे डेपो मॅनेजर. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट. कागदाला कागद लावून ठेवला की आपण सुटलो, असा त्यांचा स्वभाव. त्यांच्याकडे एक पत्र आलं होतं. कामावरच्या एका बाईच्या नवऱ्याने लिहिलं होतं की माझ्या पत्नीला परमा हा गुप्तरोग झाला आहे, आम्ही सभ्य माणसं आहोत, तेव्हा हा आजार डेपोतल्या घाणेरड्या टॉयलेटमधूनच आलेला आहे, आणि कारवाई झाली नाही तर मी वरपर्यंत जाईन. साहेबांनी वरपर्यंत हा शब्द वाचला आणि कुलूप मागवलं. मावशीला बस झाडायच्या कामावर टाकलं.

नाव गुप्त ठेवायचं ठरलं होतं. दुपारपर्यंत सगळ्या डेपोला कळलं की ती बाई म्हणजे शिट्टी. वर्षभरापूर्वी लागलेली पोर. बस मागे घेताना अशी शिट्टी मारायची की पलीकडच्या फलाटावरचे ड्रायव्हरही ब्रेक दाबायचे, म्हणून ते नाव. लग्नालाही वर्ष झालेलं नव्हतं. ती मान खाली घालून यायची, मान खाली घालून जायची, आणि तिच्याशी बोलायला कोणी गेलं नाही.

मावशीचं तर विचारूच नका. अकरा वर्षं जिच्या नावाने आम्ही दुवा देत होतो, तिच्या हाताकडे आता सगळ्या बघायला लागल्या. ती नळाला पाणी प्यायली की पुढची बाई नळ धुऊन घ्यायची. दुपारी रेस्टरूममध्ये, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या खोलीत, ती माझ्या शेजारी डबा घेऊन बसली, तेव्हा मी माझा डबा उचलून दुसऱ्या बाकावर ठेवला. कोणी सांगितलं नव्हतं, हात आपोआप गेला. मावशीने पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. तो डबा उचललेला मला अजून खुपतो.

पर्यायी व्यवस्था म्हणून आम्हाला स्टँडवरच्या सार्वजनिक टॉयलेटला जायला सांगितलं. तिथे रांग असायची, आणि दोन फेऱ्यांच्या मधल्या पंधरा मिनिटांत रांग काही संपत नाही. मग आम्ही पाणी पिणंच सोडलं. तीन आठवडे असे काढले. चौथ्या आठवड्यात मला लघवीला जळजळ सुरू झाली.

आता माझी गंमत बघा. माझा नवरा जाऊन सात वर्षं झालेली. घरात मी आणि माझी लेक. मला 'तो' आजार व्हायचं कारणच नव्हतं, आणि तरी मी रात्रंदिवस हाच विचार करत होते की कुलूप लागायच्या आधीच मला त्या सीटवरून लागण झाली असणार. लोकांना कळलं तर काय म्हणतील? विधवा बाईला परमा. मी लेकीचा टॉवेलसुद्धा वेगळा केला. कंबरेत वाकून तिकिटं फाडत होते आणि चेहरा सरळ ठेवत होते.

मावशीच्या नजरेतून ते सुटलं नाही. एक दिवस माझ्या बसमध्ये झाडू मारायला आली आणि हळूच म्हणाली की जळजळ होते आहे ना, उद्या सकाळी माझ्याबरोबर सरकारी दवाखान्यात चल, मलाही जायचंच आहे. मी विचारलं तुम्हाला कशाला. तेव्हा तिने हातमोजे काढून हात दाखवले. ॲसिडने सोलपटलेले, अजून भरले नव्हते. कुलूप लागायच्या आदल्या दोन दिवसांत, तक्रारीची कुणकुण लागल्यावर, तिने ते टॉयलेट सात वेळा घासलं होतं.

"मला कळायला हवं," ती म्हणाली. "माझ्या हातून झालं असेल तर मी कबूल करेन. पण आधी कळायला हवं."

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या सात नंबरच्या खोलीबाहेर आम्ही तिघं बसलो. मी, मावशी आणि मावशीचा नवरा. तो टेलर. कोणी बोलावलं नव्हतं, पण बायको तपासून घेणार हे ऐकल्यावर तो दुकान तसंच सोडून आला होता, गळ्यात मोजायची टेप लटकत होती. "हिला असेल तर मलाही असणार," तो मला समजावून सांगत होता, जणू सर्दीबद्दल बोलतोय. "आणि मला असेल तर हिला. मग एकट्यानेच का तपासायचं?" खोलीच्या दारावर मोठ्या अक्षरात गुप्तरोग असं लिहिलेलं होतं आणि जाणारा-येणारा प्रत्येक जण आम्हाला बघून मग ती पाटी वाचत होता. मी तोंड भिंतीकडे केलं होतं. टेलरकाका मात्र पाय पसरून ऐटीत बसले होते.

आतली सिस्टर जाडजूड, चष्मा दोरीला बांधलेला. तिने आमच्या तपासण्या करवून घेतल्या, आणि भाजीचा भाव विचारावा तशा आवाजात असले प्रश्न विचारले की माझे कान तापले. मग मावशीने सगळी हकीगत सांगितली. कुलूप, पत्र, ब्रश, ॲसिड, काही गाळलं नाही. फक्त शिट्टीचा उल्लेख 'एक मुलगी' एवढाच केला.

सिस्टरने पूर्ण ऐकून घेतलं. मग चष्मा काढला आणि म्हणाली, "मावशी, हा आजार माणसाकडून माणसाला होतो. कमोडकडून नाही."

मावशी अशी सुटणारी नव्हती. सीट ओली असेल तर? सिस्टर म्हणाली, तरी नाही. परम्याचा जंतू फार नाजूक, त्याला शरीराच्या आतली ऊब आणि ओल लागते, बाहेर पडून गारठला, सुकला की तो मरतो. आणि मांडीच्या कातडीतून तो आत शिरतही नाही. संबंधाच्या वेळी निरोध वापरला नसेल तर तो एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात जातो. आईला असेल तर बाळंतपणात बाळाला होऊ शकतो. या जातीतले काही आजार, जसा एचआयव्ही, रक्तातून आणि एकमेकांच्या सुईतूनही जातात, आणि काही नुसत्या तिथल्या कातडीला कातडी लागूनही. पण पेल्यातून नाही, ताटातून नाही, हात मिळवल्याने नाही, मिठी मारल्याने नाही, डास चावल्याने नाही.

टेलरकाका पुढे सरकले. ते म्हणाले, मी दिवसभर लोकांचे अंगावरचे कपडे उसवतो, विजारीसुद्धा. सिस्टर म्हणाली, खुशाल उसवा.

मावशीने मग विचारलं की असं असेल तर मी अकरा वर्षं कशासाठी घासत होते. हा प्रश्न तिने रागाने नाही, खरंच विचारला. सिस्टर हसली. घाणीतून जुलाब होतात, कावीळ होते, पोटात जंत होतात, ते तुम्ही अकरा वर्षं अडवलेत, ते काय कमी आहे का? फक्त जे पाप तुमचं नाही ते डोक्यावर घेऊ नका.

मी कोपऱ्यात ऐकत बसले होते. माझा रिपोर्ट आला. परमा नव्हता, दुसरंही काही नव्हतं. पाणी न पिण्याने आणि लघवी तासन्‌तास रोखून धरल्याने झालेला साधा मूत्रमार्गाचा त्रास, पाच दिवसांच्या गोळ्या. म्हणजे टॉयलेटने मला आजारी पाडलं नव्हतं, टॉयलेटच्या कुलपाने पाडलं होतं. मला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. मावशी आणि टेलरकाकाही ठणठणीत होते.

उठताना सिस्टरने आणखी एक गोष्ट सांगितली. ती मुलगी औषध घेत असेल तर चांगलंच, पण तिच्या नवऱ्यालाही एकाच वेळी औषध मिळायला हवं, आणि दोघांचं पूर्ण होईपर्यंत दूर राहायला हवं. नाहीतर ती बरी होईल आणि तिला पुन्हा होईल. कोणाला कधी आणि कोणाकडून झालं हे तपासणी सांगत नाही, कित्येकांना महिनोन्‌महिने काही त्रासच होत नाही, त्यामुळे भांडणात वेळ घालवू नका, दोघांना घेऊन या.

मावशी दारातच थांबली. "सिस्टर, हे तुम्ही आमच्या डेपोत येऊन सांगाल का?"

सिस्टर म्हणाली, शुक्रवारी दुपारी मोकळी आहे, तुमच्या साहेबांनी बोलावलं तर येते.

परतीच्या बसमध्ये मी फणफणत होते. मी मावशीला म्हणाले की आता थेट साहेबांकडे जाऊ आणि सगळ्यांसमोर सांगू की हा उद्योग शिट्टीच्या नवऱ्याचा आहे. तुमच्यावर ढकलतो म्हणजे काय. मावशीने माझ्याकडे वळून पाहिलं.

"सिस्टरने काय सांगितलं ते ऐकलंस ना? कोणाकडून ते कोणालाच माहीत नाही. आणि माझं टॉयलेट उघडायला मी तिची अब्रू उघडी करू?"

शिट्टीला ती दुसऱ्या दिवशी भेटली. फलाट आठवर एक रिकामी बस झाडायला लागली होती आणि मागच्या सीटवर शिट्टी तिकिटांचा हिशेब मांडीवर घेऊन नुसती बसलेली होती. मी खिडकीखाली उभी होते, मावशीनेच उभं केलं होतं, कोणी येऊ नये म्हणून. (त्या बसमध्ये काय बोलणं झालं ते सांगायची परवानगी शिट्टीने मला नंतर दिली, म्हणून सांगते.)

मावशी तिच्या शेजारी जाऊन बसली. पत्राची गोष्ट निघाली तेव्हा कळलं की शिट्टीला ते पत्र गेल्याचं आधी माहीतच नव्हतं. कुलूप लागल्यावर ती इतरांसारखीच चकित झाली होती, आणि मग नवऱ्याने घरी छातीठोकपणे सांगितलं होतं की तुझ्यासाठी भांडलो. तिने इंजेक्शन घेतलं होतं. दोन आठवडे बरं वाटलं, मग पुन्हा सुरू झालं. दुसऱ्यांदा घेतलं. नवरा म्हणायचा, आजार टॉयलेटचा आहे, मी कशाला औषध घेऊ, मी काय बायकांच्या टॉयलेटात जातो? आणि सासू म्हणायची, नोकरी सोड म्हणजे आपोआप बरी होशील. ती राजीनाम्याचा कागद लिहूनच आली होती.

मावशीने सिस्टरचं बोलणं तिला जसंच्या तसं सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे नाही. कोणाला दोष दिला नाही. शिट्टीने मांडीवरचा हिशेब बाजूला ठेवला. मग तिने विचारलं, "म्हणजे माझ्यात काही घाण नाही?"

"अगं, जंतू आहे तो," मावशी म्हणाली. "औषधाने जातो. तुझं काही चुकलं नाही आणि माझंही नाही."

शिट्टीने तिच्या त्या सोलपटलेल्या हातावर स्वतःचा हात ठेवला. महिनाभरात मावशीच्या हाताला डेपोतल्या कोणी लावलेला तो पहिला हात होता. मी खिडकीखाली उभी होते. मग मीही आत गेले, मावशीच्या दुसऱ्या बाजूला बसले, आणि त्या डब्याबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, कुठला डबा?

साहेबांना तयार करणं सोपं नव्हतं. असले विषय डेपोत नकोत, पुरुष मंडळी आहेत, वरून विचारणा होईल. मावशी त्यांच्या टेबलासमोर उभी राहिली आणि हळूच म्हणाली की साहेब, तीस बायका महिनाभर पाणी पीत नाहीत, एकीला त्याने आजार झाला, तिचा दवाखान्याचा कागद माझ्याकडे आहे, आणि तोही वरपर्यंत जाऊ शकतो. साहेबांनी माझा कागद दोनदा वाचला. मग सिस्टरला रीतसर निमंत्रणाचं पत्र लिहायला घेतलं.

शुक्रवारी रेस्टरूममध्ये बसायला जागा उरली नाही. बायका बाकांवर, ड्रायव्हर आणि मेकॅनिक दारात, खिडक्यांना लटकलेले. सुरुवातीला मागे खसखस पिकली. सिस्टरने ती पिकू दिली, आणि मग त्याच भाजीवाल्या आवाजात सुरू झाली. दहा मिनिटांत मागचे हसणारे पुढे सरकले. प्रश्न यायला लागले. एकाने विचारलं, दुसऱ्याचा वस्तरा वापरला तर? सिस्टर म्हणाली, त्यावर रक्त लागू शकतं, तेव्हा आपला आपला वापरा. दुसऱ्याने मित्राच्या नावाने प्रश्न विचारला, आणि सगळ्यांना तो मित्र कोण ते कळलं, पण कोणी हसलं नाही. साहेबांनी घसा साफ करून विचारलं की पोहण्याच्या तलावातून? तलावातूनही नाही, सिस्टर म्हणाली, आणि साहेबांचा चेहरा असा खुलला की ते आठवड्यातून तीनदा पोहायला जातात हे आम्हाला त्याच दिवशी समजलं.

तरी एक मेकॅनिक अडून बसला. सगळं ठीक, पण आमच्या डेपोत झालंच ना एकीला, पत्र आलंय, ते काय खोटं? मावशीने मान खाली घातली. तिला उत्तर माहीत होतं आणि ती ते देणार नव्हती.

तेव्हा मधल्या बाकावरून शिट्टी उठली.

"ते पत्र माझ्याबद्दल आहे," ती म्हणाली. "मी ते लिहिलेलं नाही. मला आजार झाला, मी औषध घेते आहे, आणि तो मला या टॉयलेटमधून झालेला नाही. मावशींच्या कामाबद्दल माझी काहीही तक्रार नाही. साहेब, हे मी सही करून देते."

एवढंच. नवऱ्याचं नाव नाही, आरोप नाही. खिशातून घडी केलेला कागद काढून तिने साहेबांच्या हातात दिला. लिहून आणला होता, सही आधीच केलेली होती. पहिल्यांदा टाळी वाजवली ती दारातल्या एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने, ज्याच्याशी आम्ही कोणी कधी धड बोललो नव्हतो. मग सगळी खोली वाजायला लागली. तो अडून बसलेला मेकॅनिकही वाजवत होता. शिट्टी खाली बसली, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बायका तिला इतक्या खेटल्या होत्या की तिला हलता येईना.

साहेबांनी किल्ली मागवली नाही, स्वतः आणायला गेले. आम्ही सगळ्या त्यांच्या मागोमाग, टायरांच्या ढिगाजवळून, वरात निघावी तशा. महिनाभराच्या धुळीने कुलूप अडकलं होतं. मेकॅनिकने तेलाचे दोन थेंब सोडले आणि ते उघडलं. कागद साहेबांनी स्वतः फाडला. मावशीने आम्हाला बाहेरच अडवलं, अर्धा तास. आत धूळ आहे म्हणाली. आम्ही तीस बायका महिन्याभराची निकड घेऊन बोळात उभ्या, आणि आत ब्रशचा आवाज. त्या अर्ध्या तासात आम्ही जेवढ्या हसलो तेवढ्या वर्षात हसलो नव्हतो. दार उघडलं तेव्हा पहिला मान शिट्टीला दिला.

शिट्टी त्या संध्याकाळी नवऱ्याकडे न जाता आईकडे गेली. निरोप एवढाच ठेवला की तू सात नंबरच्या खोलीत जाऊन ये, मग बोलू. तो नऊ दिवस रुसून बसला. दहाव्या दिवशी गेला. दोघांनी औषध पूर्ण केलं, आणि तीन महिन्यांनी तिची तपासणी स्वच्छ आली. संसाराचं काय करायचं ते तिने घाई न करता, तिच्या अटींवर ठरवलं, आणि त्यात आमच्यापैकी कोणी नाक खुपसलं नाही. राजीनामा मात्र तिने दिला नाही. आता सकाळी सहाच्या बसला तिची शिट्टी पुन्हा सगळ्या स्टँडला ऐकू येते.

आणि मावशी? त्या शुक्रवारची बातमी डेपो ते डेपो फिरली. सिस्टरने विचारलं, मी सगळीकडे जाऊ शकत नाही, तुम्ही बोलाल का? मावशी आधी नाही म्हणाली. मग टेलरकाकांनी तिच्या मापाचा नवा गणवेश शिवून पलंगावर ठेवला, तेव्हा हो म्हणाली. सिस्टरने तिला आठ दिवस शिकवलं. मावशीने एकेक गोष्ट घोकली, आणि जे माहीत नाही ते विचारून सांगते म्हणायचं, तेही शिकली.

तिच्या पहिल्या कार्यक्रमाला मी सोबत गेले होते. मोठा डेपो, शंभरावर माणसं. तिथल्या मॅनेजरने तिला आपादमस्तक न्याहाळलं आणि सगळ्यांसमोर विचारलं की बाई, तुमचं शिक्षण किती?

"चौथी," मावशी म्हणाली. "आणि अकरा वर्षं टॉयलेट. आता तुम्ही विचारा, तुम्हाला काय माहीत नाही ते."

मग मागच्या रांगेत एक हात वर झाला, त्याच्या शेजारी दुसरा, आणि मग मोजता येईनात इतके.